शून्यावर बसवलेला निरोप

गाळणमास्तरांशी माझी ओळख भांडणातून झाली. माझ्या बहुतेक ओळखी तशाच होतात, त्यात त्यांचा काही दोष नाही.

त्याआधीच्या शनिवारी संध्याकाळी माझ्या वहिनीला दम्याचा झटका आला. दादाने मदतकेंद्राचा नंबर लावायला घेतला तेव्हा सात वाजून वीस मिनिटं झाली होती. आठ वाजून एक मिनिटापर्यंत तो लावतच होता. फोनमधून नुसतं टूंटूं. शेवटी खालच्या इस्त्रीवाल्याने तिला आपल्या टेम्पोत, घडी घातलेल्या शर्टांच्या गठ्ठ्यांना टेकवून बसवलं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात पोचवलं. डॉक्टर म्हणाले, "आणखी दहा मिनिटं गेली असती तर..." तिथून पुढचं माझ्या डोक्यात दोन रात्री चालू राहिलं.

सोमवारी टेलिफोन कंपनीची दारं उघडायच्या आत मी पायरीवर हजर. पहिल्या खिडकीवाला म्हणाला, "नेटवर्कमध्ये गर्दी होती, बाई."

"कसली गर्दी?"

"गाण्याच्या स्पर्धेची उपांत्य फेरी होती. लोक मतं पाठवत होते."

"म्हणजे माझ्या वहिनीचा श्वास आणि तुमच्या गायकाचं मत एकाच रांगेत?"

त्याने खिडकीतून तोंड जेवढं जमेल तेवढं मागे घेतलं. "ते तिसऱ्या मजल्यावर. काय गाळायचं, काय सोडायचं ते गाळणमास्तर बघतात."

तर मी तिसऱ्या मजल्यावर. बाहेर घामाच्या धारा, आणि इथे एका खोलीत पंचावन्नच्या आसपासचा, काडीसारखा माणूस, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, त्याच्यावर बाह्यांचा स्वेटर. खोली थंड ठेवावी लागते, माणसासाठी नव्हे, कपाटासाठी. माणसाएवढं उंच राखाडी कपाट, पुढे हिरवे दिवे, आत घोंघावणारे पंखे. मी दारातूनच सुरुवात केली. कंपनीचा उद्धार झाला, साहेबांचा झाला, मग त्याचा. तो ऐकून घेत होता. मधे एकदाही "पण" म्हणाला नाही. मी दमले तेव्हा त्याने स्टूल पुढे सरकवलं.

"तुमच्या भावाने लावले ते फोन मी नाही गाळले, ताई. कपाटाने गाळले," तो म्हणाला. "पण कपाटाला मी शिकवलं."

तीस वर्षं मी कार्यालयांच्या पायऱ्या झिजवतेय. शाळा सातवीत सुटली, पुढचं शिक्षण सगळं याच बाकांवर झालं. आजवर कुठल्याही टेबलामागून असं वाक्य ऐकलं नव्हतं. माझी सगळी तयारी टोलवाटोलवीची होती. या माणसाने हात वर करायच्या ऐवजी पुढे केला. मी बसले.

मग त्याने समजावलं. मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल. आपण नंबर लावला की आवाज जायच्या आधी एक छोटा निरोप पुढे जातो : अमका तमक्याला शोधतोय, वाट द्या. लेखी संदेशही याच रस्त्याने जातात. शहरातले असे सगळे निरोप या कपाटातून जातात, आणि कपाट फक्त पत्ता बघून ते पुढच्या केंद्राकडे ढकलतं. पण त्याच्या ताकदीला हद्द आहे. ऐंशी टक्क्यांच्या वर भरलं की ते निरोप फेकायला लागतं. आधी कुठले फेकायचे? त्याची यादी असते. प्रत्येक प्रकारच्या निरोपाला शून्य ते तीन असा आकडा. शून्यवाले पहिल्यांदा कचऱ्यात, मग एकवाले, मग दोनवाले. तीनवाले सगळ्यात शेवटी, आकडा नव्वदच्या वर गेला की.

"मग मदतकेंद्र कितीवर?"

"तीनवर. पहिल्या दिवसापासून."

"आणि मतं?"

"तीनवर."

मी उठायला लागले तसा तो घाईने म्हणाला, "थांबा, सगळं ऐका." आणि त्याने खणातून यादी काढली. ती वाचून मी पुन्हा बसले. मतं तीनवर. परगावच्या ग्राहकांची नोंद तीनवर. अध्यक्षांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, म्हणजे ग्राहकाच्या वाढदिवशी अध्यक्ष त्याला पाठवतात त्या, तीनवर. रोजचा विनोद तीनवर. अठरा वर्षांत एकेका विभागप्रमुखाने येऊन आपापला निरोप वर चढवून घेतला होता. पहिला चढला तेव्हा दुसऱ्याला अपमान वाटला, दुसरा चढला तेव्हा तिसऱ्याला. दोन रिकामं, एक रिकामं. सगळा गाव वरच्या मजल्यावर राहायला गेलेला.

"आणि शून्यावर हे एकटं काय आहे?" मी विचारलं.

मास्तर कपाटाकडे बघायला लागले. इथून पुढे मी त्यांना 'मास्तर' म्हणते, कारण त्या दिवसापासून म्हणायला लागले.

"तो कपाटाचा स्वतःचा निरोप आहे. भरायला लागलं की ते आजूबाजूच्या केंद्रांना कळवतं : मी भरलोय, दमानं घ्या. ते ऐकलं की ती केंद्रं आपापल्या दारातच गर्दी थोपवतात आणि मदतकेंद्राचे निरोप आधी सोडतात. बाहेरच्या केंद्रांना आमच्या विभागप्रमुखांची भीती नाही ना."

"आणि तोच शून्यावर?"

"सहा वर्षांपूर्वी साहेब म्हणाले, यादीत तळाची ओळ मोकळी दिसते, तपासणीवाले हरकत घेतील, काहीतरी टाका. मी सगळ्यांना विचारलं. कुणी तयार होईना. मग हा टाकला." त्यांनी स्वेटरचं टोक ओढलं. "याची तक्रार करणारं कुणी नव्हतं."

म्हणजे शनिवारी झालं ते असं. कपाट भरलं. त्याने पहिल्यांदा आपलीच 'दमानं घ्या' ही हाक गाळली. आजूबाजूच्या केंद्रांना काही ऐकू आलं नाही. उत्तर येत नाही म्हणून त्यांनी तेच निरोप पुन्हा पाठवले, मग तिसऱ्यांदा पाठवले. शेवटी सगळेच तीनवाले, तेव्हा कपाट हाताला लागेल तो फेकत सुटलं. एकेचाळीस मिनिटं. त्यात दादाचे फोनही गेले आणि रोजचा विनोदही गेला.

अंतिम फेरी पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी होती. वहिनी घरी आली होती, पण डॉक्टरांनी सांगितलं होतं की महिनाभर झटका कधीही येऊ शकतो. आणि शहरात दम्याची ती एकटीच होती असंही नाही.

"बदला ना मग आकडा! किल्ल्या तुमच्याकडे आहेत."

"बदलला तरी टिकणार नाही. मंजूर यादी दुसऱ्या संगणकावर आहे. रोज सकाळी सहाला कपाट ती वाचतं आणि त्यात नसलेलं पुसून टाकतं. मंजुरीला फॉर्म लागतो."

"मग भरा फॉर्म."

"भरतो," मास्तर म्हणाले. "पण आधी एकाला तरी खाली आणून बघतो. तेवढीच गर्दी कमी."

तीन दिवस हा माणूस मजले चढत-उतरत होता. एकदा मीही बरोबर गेले, म्हटलं बघूया घोडं कुठे पेंड खातंय. स्पर्धेच्या विभागाच्या प्रमुख बाईंनी आम्हाला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "मतं म्हणजे जनतेचा आवाज आहे. तो मी खाली कशी आणू?"

"जनतेचा श्वास अडकला होता, बाई," मी म्हटलं.

"त्याबद्दल आम्हाला वाईटच वाटलं. आम्ही कार्यक्रमात दोन मिनिटं शांतता पाळू शकतो."

शुभेच्छांचे साहेब तर घाबरलेच. "अध्यक्षांचा निरोप दोनवर? फक्त एक पायरी म्हणताय, पण त्यांना कळलं तर? समजा अध्यक्षांच्या सासूबाईंच्याच शुभेच्छा गळल्या तर?" आणि रोजच्या विनोदाचा माणूस, ज्याच्याकडून मला खरी आशा होती, तो सगळ्यात जास्त चिडला. "आम्हाला आधीच कुणी गंभीरपणे घेत नाही!"

तोंडाला पानं पुसून घेतल्यावर मास्तरांनी फॉर्म भरला, 'दमानं घ्या' शून्यावरून तीनवर न्यावा म्हणून. त्यांच्या साहेबांनी चष्मा वर करून रकाना चार दाखवला : निरोप ज्या विभागाचा, त्या विभागप्रमुखाची सही.

"हा निरोप कुणाचा?"

"यंत्राचा, साहेब."

"यंत्राला विभागप्रमुख आहे?"

"नाही."

"मग सही कोण करणार? मी? म्हणजे उद्या मतं कमी पडली की माझं नाव?" साहेबांनी फॉर्म परत दिला. तो त्यांनी दोन बोटांनी धरला होता.

त्या संध्याकाळी मी मास्तरांच्या घरी गेले. दोन खोल्या, एका भिंतीवर लेकीचा पदवीचा फोटो. ती परगावी नोकरीला. खिडकीत एक जुना टेलिफोन, ज्याची तार कशालाच जोडलेली नव्हती. बायको शाळेत कारकून. त्यांनी मला बघितलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, याच का त्या, तुम्हाला शिव्या घालून गेल्या त्या?"

"याच," मास्तर म्हणाले.

"बरं झालं. मला वेळ मिळत नाही." मग माझ्याकडे वळून, "यांना चार गोष्टी एकदम सांगितल्या की एक सोडून बाकीच्या गळतात. आणि राहते ती नेमकी ऑफिसची. सगळा मजला आपली कामं यांच्या टेबलावर आणून टाकतो. तेवढं 'आता पुरे' म्हणायला जमत नाही. तुम्हालाच जमत नाही तर तुमच्या कपाटाला कुठून जमणार हो?"

मास्तर कानशिलापर्यंत लाल झाले. "चहा टाकतो," म्हणत ते आत गेले आणि आत काही करत असल्याचा आवाज मात्र आला नाही.

मी रकाना चारकडे बघत बसले होते. मला कपाटातलं काही कळत नाही, पण कार्यालयातलं कळतं. "मास्तर," मी हाक मारली, "तुमच्या कंपनीत विभाग कधी जन्माला येतो?"

ते दारात आले. "आदेश निघतो."

"खोटं. तुमच्या त्या विनोदाच्या विभागाचा आदेश दाखवा मला."

त्यांनी विचार केला. "तो... एकदा त्यांचं पत्र आलं. मग आम्ही उत्तर दिलं."

"बस्स. विभाग म्हणजे पत्र पाठवणारी खोली. आणि माहिती मागणारं पत्र आलं की 'तुम्ही कोण' असं विचारायची कुणाची छाती होत नाही. विचारलं तर आपल्याला माहीत नव्हतं असं होतं."

"हे खोटं ठरेल, ताई."

"खोटं काय त्यात? काम खरं आहे. खोली आहे. माणूस आहे. सही तुम्ही स्वतःच्या नावाने करायची, खाली 'प्रभारी' लिहायचं. कुणी विचारलं तर खरं सांगायचं."

"आणि नोकरी गेली तर?"

तोंड उघडलं की समोरच्याला भरीला घालायची मला सवय आहे, आणि त्या दिवशी ती सवय मला आवडली नाही. उत्तर आलं ते त्यांच्या बायकोकडून. कणीक मळायचं थांबवून त्या म्हणाल्या, "अहो, सहा वर्षं तुम्ही झोपेत 'शून्य, शून्य' म्हणताय. मला वाटायचं परीक्षेचं स्वप्न पडतं. करा काय ते."

सोमवारी कपाटाच्या खोलीसमोरच्या अडगळीच्या खोलीवर पाटी लागली : ओव्हरलोड नियंत्रण विभाग. आत एक टेबल, एक खुर्ची, एक आवक-जावक रजिस्टर, आणि कोपऱ्यात तीन मोडके पंखे, ते हलवायला जागा नव्हती. त्याच दिवशी सगळ्या विभागांना पत्र गेलं. मजकूर मास्तरांचा : 'आपल्या विभागातर्फे जाणाऱ्या निरोपांची माहिती सोबतच्या नमुन्यात तीन प्रतींत पाठवावी.' शेवटचं वाक्य माझं : 'विलंबाची गंभीर दखल घेतली जाईल.'

बुधवारपर्यंत पाच विभागांची उत्तरं आली. स्पर्धेच्या बाईंनी मुदतवाढ मागितली. रोजच्या विनोदवाल्याने तीनाऐवजी चार प्रती पाठवल्या आणि वर चिठ्ठी : 'आपल्या विभागाने आमची दखल घेतल्याबद्दल आभार.' शुभेच्छांचे साहेब तर स्वतः येऊन मोडक्या पंख्यांमध्ये उभे राहिले आणि विचारून गेले की विभागप्रमुख कधी भेटतील. मास्तर म्हणाले, "मीच प्रभारी." साहेब म्हणाले, "वा, वा, योग्य माणूस." गेल्याच आठवड्यात याच साहेबांनी त्यांना 'कोण आपण' म्हणून विचारलं होतं.

गुरुवारी मास्तरांनी फॉर्म पुन्हा भरला. अक्षर इतकं सुबक, की जणू लग्नाची पत्रिका. रकाना चारमध्ये सही, प्रभारी. शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना होता, त्यात त्यांनी बराच वेळ काहीतरी बारीक लिहिलं. मी विचारलं तर म्हणाले, "नेहमीचंच." साहेबांनी रकाना चार बघितला, सही आहे म्हटल्यावर बाकीचं वाचायची गरजच उरली नाही. शुक्रवारी सकाळी सहाला कपाटाने नवी यादी वाचली.

शनिवारी संध्याकाळी मी ओव्हरलोड नियंत्रण विभागात 'अभ्यागत' म्हणून नोंद करून बसले. दार उघडं, समोर कपाटाची खोली, मास्तर पडद्यापुढे. सात वाजता आकडा बावन्न. सव्वासातला एकाहत्तर. कुठल्यातरी मजल्यावर टीव्ही चालू होता, टाळ्या ऐकू येत होत्या. सूत्रसंचालक ओरडला, "मत द्या!" आणि आकडा एकोणऐंशी, ऐंशी, ब्याऐंशी.

"गेला?" मी विचारलं.

"गेला," मास्तर म्हणाले. कपाटाने सहा वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं होतं.

चौऱ्याऐंशी. पंच्याऐंशी. मी खुर्चीची कड धरली. चौऱ्याऐंशी. मग चौऱ्याऐंशीच. दोन मिनिटं, पाच मिनिटं, दहा मिनिटं. मास्तरांनी बाह्यांचा स्वेटर काढला, आणि त्या खोलीत त्यांना तसं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मला राहवेना. मी दादाला फोन लावला. तीनदा 'थोड्या वेळाने प्रयत्न करा' असं ऐकलं, चौथ्यांदा लागला. "दादा, मदतकेंद्र लाव."

"कशाला? तुझी वहिनी आत्ता माझ्याशी भांडतेय, ठणठणीत आहे."

"लाव म्हणते ना!"

दोन मिनिटांनी त्याचा फोन आला, चांगलाच वैतागलेला. "पहिल्या रिंगला उचलला. आणि मला झापलं. म्हणे, काम नसताना फोन करता, लाज वाटत नाही?"

दादाला कुणी झापलं म्हणून मला इतका आनंद पूर्वी कधी झाला नव्हता. मास्तरांनी साडेआठला कागद छापून काढला. त्या दीड तासात मदतकेंद्राकडे शहरातून वीस निरोप निघाले होते. वीसच्या वीस पोचले. "त्यातला एक तुमच्या भावाचा, विनाकारण," ते म्हणाले आणि त्या ओळीवर पेन्सिलने खूण केली. बाकीच्या एकोणीस घरांत काय चाललं होतं ते आम्हाला कधी कळलं नाही.

मतं मात्र मागच्या फेरीच्या दोन-तृतीयांशच पोचली. सोमवारी बोंबाबोंब झाली. चौकशी समिती बसली, आणि तिने अडगळीच्या खोलीवर बोट ठेवलं : हा विभाग कुणी स्थापन केला? मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "मी." सगळं खरं सांगितलं, माझं नाव वगळून. ते वगळल्याबद्दल मी नंतर त्यांच्याशी भांडले.

पण समितीची पंचाईत निराळीच होती. समितीत बसलेल्या पाचही विभागप्रमुखांनी त्या विभागाला तीन प्रतींत उत्तरं दिली होती. एकाने आभार मानले होते. विभाग खोटा ठरवावा तर आपण कुणाला माहिती दिली? दोन आठवडे खल करून त्यांनी निष्कर्ष काढला की विभाग आहे, पूर्वीपासूनच आहे, फक्त त्याला योग्य दर्जाचा प्रमुख नाही. मग प्रमुख नेमला. दोन साहाय्यक दिले. मोडके पंखे हलवले. आणि प्रभारींना, 'अतिरिक्त' ठरवून, तळघरात जुन्या कागदपत्रांकडे पाठवलं.

मी चिडले. मोर्चा काढते म्हटलं. मास्तर म्हणाले, "नको ताई. इथे थंडी नाही." आणि त्या स्वेटर नसलेल्या माणसाकडे बघून माझा मोर्चा तिथेच विरला.

नव्या प्रमुखांनी पहिल्याच महिन्यात फर्मान काढलं की 'दमानं घ्या' हा निरोप धंद्याला मारक आहे, तो पुन्हा शून्यावर न्यावा. हे ऐकलं तशी मी धावत तळघरात गेले. मास्तर एका शिडीवर बसून फायलींवरची धूळ पुसत होते.

"मास्तर, गेलं सगळं! तो सही करणार!"

"करू दे की," ते म्हणाले. "त्याची सही रकाना चारची. शेरा वाचला नाही त्याने."

"काय लिहिलंय शेऱ्यात?"

त्यांनी शिडीवरूनच म्हणून दाखवलं, पाठ असल्यासारखं : "सदर नोंदीत बदल करावयाचा झाल्यास सर्व विभागप्रमुखांची एकमताने लेखी संमती आवश्यक राहील."

इतके दिवस मला वाटत होतं की आम्हा दोघांत कार्यालय कळणारी मी.

"अठरा वर्षं यांना एका गोष्टीवर एकमत होताना मी पाहिलं नाही," मास्तर म्हणाले. "चहाच्या वेळेवरसुद्धा नाही."

याला आता चौदा महिने झाले. संमतीची फाईल अजून दुसऱ्या विभागाच्या पुढे सरकलेली नाही. स्पर्धेच्या बाई म्हणतात, आधी शुभेच्छावाल्यांनी सही करावी. शुभेच्छावाले म्हणतात, आमच्यानंतर विनोदवाल्यांची सही असेल तर आम्ही करणार नाही. मागच्या आठवड्यात वहिनीला पुन्हा झटका आला, संध्याकाळी, दुसऱ्या एका स्पर्धेच्या ऐन गर्दीत. मदतकेंद्राची गाडी अकरा मिनिटांत दारात होती. हे सांगायला मी तळघरात गेले तेव्हा मास्तरांच्या टेबलावर वरच्या मजल्यांवरून आलेल्या कामांचा ढीग होता, आणि एक कारकून आणखी एक गठ्ठा घेऊन उभा होता.

मास्तरांनी मान वर केली. घसा खाकरला.

"आज नको," ते त्याला म्हणाले. "भरलंय."